उजनीच्या काठी वर्षभराची नोंदवही: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

जुलैचा दुसरा आठवडा. भिगवणकडे आभाळात नुसते पांढरे ढग पळतायत, एक थेंब नाही, वारा एवढा की छत्री उलटी होते. आणि काल जिथे शेळ्या चरत होत्या, तिथे आज घोट्याएवढं गढूळ पाणी. नवीन माणूस इथेच पहिल्यांदा गोंधळतो. पाऊसच नाही, मग पाणी आलं कुठून?

ते घाटावरून आलेलं असतं. उजनी धरण भीमेवर, सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात. 1980 साली पूर्ण झालं. कागदोपत्री नाव यशवंतसागर, पण तसं म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. त्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळ्यापर्यंत मागे पसरलाय. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला की लोक समाधानी असतात. ताम्हिणी-लोणावळ्याकडे लागून राहिला तर तेवढा दोन-तीन दिवसांत कोसळतो. तोच पाऊस भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा वाटांनी खाली येतो आणि आपल्या कोरड्या आभाळाखाली साठतो.

म्हणून या तळ्याची दोन घड्याळं आहेत. एक आपल्या डोक्यावरचं आभाळ, दुसरं घाटाचं पाणी. दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. मी पहिली दोन वर्षं एकाच रकान्यात सगळं कोंबत होतो. त्या वह्यांचा आज मलाच अर्थ लागत नाही.

पायरी 1: एकच जागा धरा

फिरत राहण्याचा मोह होतो. आज कुंभारगाव, उद्या डिकसळ, परवा पळसदेव. फोटो छान येतात, नोंद मात्र कशाशी ताडून पाहता येत नाही. घरापासून जवळची, रोज नाही तरी आठवड्यातून तीनदा जाता येईल अशी एक जागा निवडा. काठ सपाट हवा. उभ्या काठावर पाणी दोन फूट उतरलं तरी कळत नाही. सपाट काठावर तेच पाणी पन्नास पावलं मागे जातं.

तिथे न हलणारी एक खूण शोधा: विजेचा जुना खांब, मोठा दगड, घाटाची पायरी. खुणेपासून पाण्याच्या कडेपर्यंत सरळ रेषेत पावलं मोजायची आणि आकडा लिहायचा. आधी आपलं पाऊल किती सेंटिमीटरचं, हे घराच्या ओट्यावर टेपने मोजून घ्या. माझं 72 भरतं. कडेची माती हाताने दाबून पाहा: ओली, भेगाळलेली की वर पांढरट साय धरलेली. पाणी उतरून किती दिवस झाले ते माती सांगते. त्याच खुणेशी उभं राहून, त्याच दिशेला, एक फोटो. दर वेळी. कंटाळवाणा फोटोच पुढे उपयोगी पडतो.

एक इशारा. पाणी नुकतंच हटलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, पण खाली लोण्यासारखा असतो. काठी टोचून बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. मी एकदा मांडीपर्यंत रुतलो होतो. एका मासेमाराने फळी टाकून ओढून काढलं, आणि चप्पल अजून तिथेच आहे.

पायरी 2: सामान

दुर्बीण पहिल्या दिवशी घेऊ नका. वही, पेन्सिल (शाई पावसात फुटते), साधा थर्मामीटर, दोरी बांधलेली प्लास्टिकची बादली आणि एक डबा, एवढं पुरे.

डबा पाऊस मोजायला. तो सरळ उभ्या भिंतीचा हवा. तोंड रुंद आणि बूड निमुळतं असलं की हिशोब चुकतो. मोकळ्या अंगणात, झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा, आणि वाऱ्याने लवंडू नये म्हणून भोवती विटा लावा. पट्टी घालून मोजलं की झालं. पण आपल्याकडे दोन-तीन मिलिमीटरच्या सरीच जास्त, त्या पट्टीवर धड कळत नाहीत. त्यासाठी माझी युक्ती अशी: डब्याचं तोंड आतून बरोबर 10 सेंटिमीटर व्यासाचं असेल तर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 7.85 मिलिलिटर पाणी. औषधाच्या दुकानातून 10 मिलिलिटरची सिरिंज आणायची, डब्यातलं पाणी ओढून मोजायचं, भागायचं. परवाची सर मला वाटत होती बरीच मोठी. निघालं 16 मिलिलिटर, म्हणजे पुरते दोन मिलिमीटर. वेधशाळेच्या हिशोबात 2.5 मिलिमीटरच्या आतला दिवस 'पावसाचा दिवस' धरतच नाहीत.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. वेधशाळेचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

पायरी 3: घाटाच्या पाण्याचा रकाना

पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज एक चौकट असते: दौंडचा विसर्ग (भीमेतून उजनीकडे येणारं पाणी) इतके क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट), उजनी इतके टक्के. ती नुसती वाचून सोडू नका. 11,574 क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. उजनीचा उपयुक्त साठा साधारण 53.57 टीएमसी, म्हणजे एक टीएमसी आलं की टक्केवारी जेमतेम दोनने वाढते. दौंडला 50,000 क्युसेक चालू असेल तर दिवसात सव्वाचार टीएमसी, आठ टक्के. हे गणित बोटावर यायला लागलं की उद्या तुमची खूण पाण्याखाली जाणार की नाही हे आज रात्री सांगता येतं. पुण्याच्या धरणांतून पाणी सोडल्याची बातमी आणि तुमच्या काठावर ते दिसणं, यात किती तास जातात हे स्वतः मोजा. दोन-तीन पावसाळे मोजलं की हाताला अंदाज येतो.

टक्क्यांची एक गंमत आहे. शून्य टक्के म्हणजे तळं रिकामं, असं नवख्याला वाटतं. शून्याखाली साठएक टीएमसीचा अचल साठा (उपयुक्त साठ्याच्या खालचं, तळाचं पाणी) असतो, आणि उजनी दर दोन-चार वर्षांनी त्यात उतरते. 2024 च्या उन्हाळ्यात ती वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली, म्हणजे अचल साठ्यातलेही बत्तीसेक टीएमसी संपले होते. 2025 साली उलटं झालं. मोसमी पाऊस 24 मेलाच केरळात पोचला (नेहमीची तारीख 1 जून), आपल्याकडेही मे महिनाभर वळीव कोसळला, आणि पाणी वाढायच्या तारखा आधीच्या वर्षांच्या पानांशी जुळेचनात.

उतरणारं पाणीही वाचायला शिका. उन्हाने आटणं रोज थोडं थोडं, एकसारखं असतं. कालव्याचं आवर्तन (शेतीसाठी ठरावीक मुदतीचं पाणी) सुटलं, सोलापूरला पिण्यासाठी किंवा आषाढीला चंद्रभागेत पाणी सोडलं की काठ एकदम मागे सरतो. वहीत चढ-उताराची रेघ काढली की त्या पायऱ्या स्वच्छ दिसतात. आणि आकडे मिळाले नाहीत तर शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारींकडे बघा. मोटारी पुढे सरकवायला, पाइप जोडायला लागले की उन्हाळा काठाला लागला. पाण्यापर्यंत चारी खोदायला जेसीबी आला की उजनी वजात गेलीच समजा.

पायरी 4: वारा पाण्यावरून वाचा

वाऱ्याचं यंत्र नसलं तरी समोर एवढं मोठं पाणी पसरलेलं आहे. पाणी आरशासारखं: वारा नाही. माशाच्या खवल्यांसारख्या बारीक सुरकुत्या: झुळूक. लाटांच्या डोक्यावर तुरळक पांढरा फेस: ताशी 12 ते 19 किलोमीटर. सगळीकडे फेस दिसू लागला: 20 च्या वर. ही ब्यूफोर्ट नावाच्या जुन्या दर्यावर्दी मोजपट्टीची काठावर वापरण्याजोगी आवृत्ती. मूळ पट्टी खुल्या समुद्रासाठी आहे, त्यामुळे अरुंद फाट्यात वारा थोडा जास्तच धरा.

दिशा लिहिताना वारा जिकडून येतो ती लिहा. जून ते ऑगस्ट तो पश्चिमेकडून घट्ट वाहतो आणि सगळी जलपर्णी पूर्वेच्या काठाला ढकलतो. थंडीत तो उत्तर-पूर्वेकडे वळला की तीच जलपर्णी उलटी चालू लागते. कुठल्या काठाला हिरवी गादी साचलीय हे पाहून मागच्या दोन दिवसांचा वारा सांगता येतो.

पायरी 5: ऋतू

पावसाळ्यासाठी मी महिने वापरत नाही, नक्षत्रं वापरतो. यात भाविकता काही नाही. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवस असतो, त्यामुळे पावसाच्या बेरजेला ते सोयीचे कप्पे पडतात, आणि काठावरच्या कोणत्याही शेतकऱ्याशी त्याच भाषेत बोलता येतं. मृग 7-8 जूनला, आर्द्रा 21-22 ला. मग पुनर्वसू, ज्याला तरणा पाऊस म्हणतात, आणि पुष्य, म्हणजे म्हातारा. आपल्या भागात हे सगळे वाऱ्याचेच जातात. खरा पाऊस उत्तरा आणि हस्ताचा, म्हणजे सप्टेंबर मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत; दुपारनंतर पूर्वेकडून ढग चढतात, गडगडाट होतो, तासाभरात डबा भरतो. माझ्या वहीत वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा याच दोन कप्प्यांत पडतो. पंचांगात नक्षत्राचं वाहनही दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर भरपूर पाऊस म्हणे. एक रकाना त्यालाही द्या. मी दिलाय, आणि निकाल काय लागला हे पारावर सांगायची माझी हिंमत नाही.

क्वचित आपलं आभाळच घाटावर कुरघोडी करतं. 14 ऑक्टोबर 2020 ला बंगालच्या उपसागरातून आंध्र-तेलंगण ओलांडून आलेला कमी दाबाचा पट्टा इंदापूर-पंढरपूरवरून गेला. उजनी आधीच भरलेली होती, ओढे थेट तळ्यात कोसळत होते, आणि खाली नदीला पूर आला. अशा दिवशी काठाकडे जायचं नाही. डबा अंगणातच असतो, तेवढं मोजलं तरी पुष्कळ.

हिवाळा हा माझ्या मते शिकायला सगळ्यात चांगला ऋतू. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयाआधी अर्धा तास काठावर पोचा. रात्र निरभ्र, वारा पडलेला, हवेत चांगलाच गारठा असेल तर पाण्यावर वाफ उठताना दिसते. बादली टाकून पाण्याचं तापमान घ्या, मग हवेचं. गेल्या जानेवारीतली माझी नोंद: हवा 10, पाणी 20. पाणी दिवसभराची ऊब सोडायला तयार नसतं. त्याच्यावर काठाची थंड हवा उतरते आणि पाण्यावरची ओलसर ऊब तिच्यात मिसळून लगेच गोठल्यासारखी पांढरी होते. पांढरे धागे उभे राहतात, वळतात, वाऱ्याच्या एका फुंकरीने सगळे एकाच बाजूला झुकतात. ऊन वर आलं की पाच-दहा मिनिटांत खेळ संपतो. शेतावर पसरणारं सरसकट धुकं वेगळं. ते जमीन थंड होऊन धरतं आणि नऊ-नऊ वाजेपर्यंत हटत नाही. वहीत दोन्हींना वेगळे शब्द ठेवा. मी एकाला 'वाफ' म्हणतो, दुसऱ्याला 'धुकं'.

त्याच सकाळी समोरच्या काठाकडे खाली बसून पाहा. पलीकडची झाडं पाण्यापासून सुटून अधांतरी तरंगताना दिसतील, मध्ये आभाळाची एक चमकती पट्टी. हे मृगजळच, थंडीतलं. कोमट पाण्यालगतची हवा उबदार आणि तिच्यावरची गार, त्यामुळे प्रकाश वाकतो. उभं राहिलात की पट्टी बारीक होते.

रात्री चंद्राला खळं पडलं तर हात पूर्ण लांब करून वीत लावा. अंगठ्याचं टोक चंद्रावर आणि करंगळीचं टोक वर्तुळावर आलं तर ते साधारण 22 अंशांचं खळं, फार उंचावरच्या बर्फकणांचं. चंद्राला अगदी चिकटलेलं, रंगीत कडेचं लहान वर्तुळ दिसलं तर ते खालच्या ढगातल्या पाण्याच्या थेंबांचं. जुनी माणसं म्हणतात, खळं दूर तर पाऊस जवळ. लिहून ठेवा आणि पुढचे तीन दिवस डबा बघा.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात: पाणी हिरवं होतं, वास येतो, पुण्या-पिंपरीचं सांडपाणी उथळ पाण्यात शिजत असतं. रंग आणि वास दोन्ही लिहा. उघड्या पडलेल्या तळावर लोक गाळपेर करतात. कोणत्या तारखेला पेरलं ते विचारून टिपा. पळसदेवला पळसनाथाचं बुडालेलं मंदिर किती वर आलंय, ही आणखी एक आयती मोजपट्टी.

पण वळवाबद्दल थोडक्यात सांगून भागणार नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग फुलकोबीसारखा उभा वाढतो, माथा ऐरणीसारखा पसरट होतो. पाऊस पोचायच्या बराच आधी त्याच्या पोटातून थंड वारा खाली आदळतो आणि बाहेर पसरतो. काठावर तुम्हाला आधी धुळीचा लोट दिसेल, पाण्यावर एक काळी रेघ दिसेल, आणि ती रेघ तुमच्याकडे धावत येईल. त्या रेघेच्या पुढे पाणी शांत, मागे फेसाळ. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तेव्हा या दिवसांत दुपारनंतर होडीत बसू नका, आणि कधीही बसलात तरी लाइफ जॅकेट अंगात असू द्या, बाकाखाली नको. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. खरं तर पहिला गडगडाट ऐकू आला की वही मिटायची आणि पक्क्या घरात जायचं. उघड्या काठावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या.

पायरी 6: पक्षी, पण पाण्याच्या रकान्याशेजारी

इथपर्यंत एक वर्ष गेलं असेल तर आता दुर्बीण घ्या. 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) घ्या; त्याहून मोठी हातात थरथरते.

येण्याच्या तारखा लिहा. चातक मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. धोबी ऑगस्ट अखेर-सप्टेंबरात शेपटी हलवत काठावर हजर. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक दिवाळीच्या आगेमागे. पट्टकादंब हंस थंडी पडली की हिमालय ओलांडून येतात, दुपारी पाण्यात झोपतात आणि सकाळ-संध्याकाळ हरभऱ्यात उतरतात. शेतकऱ्याचं त्यांच्याबद्दलचं मत पक्षीमित्राच्या मतापेक्षा वेगळं आहे, हे ध्यानात ठेवून बोला.

रोहित (फ्लेमिंगो), ज्यांच्यासाठी सगळे येतात, ते तारखेवर येत नाहीत. त्यांना वीतभर पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. धरण काठोकाठ असेपर्यंत त्यांना पाय टेकायला जागा नसते. म्हणून आवर्तन लवकर सुटलं, काठ लवकर मागे सरला की ते लवकर दिसतात. पाणी चढंच राहिलं की जानेवारी उलटला तरी वाट बघावी लागते. दरवर्षी लोक फोन करतात, "फ्लेमिंगो आले का?" मी माझ्या खुणेपासूनची पावलं सांगतो. अडीचशेच्या पुढे गेली की या.

ते गेल्यावर गाळात शोधा. ताटाएवढी गोल खाच, मधोमध मातीचा उंचवटा. रोहित चोच मध्ये रोवून स्वतःभोवती गोल फिरतो, पायाने गाळ ढवळतो आणि वर आलेले किडे-अळ्या गाळून खातो. त्याची ती खूण. पाणी हटल्यावर अशा खाचा ओळीने सुकलेल्या दिसतात. खाच खुणेपासून किती पावलांवर आहे ते मोजा, आणि मागच्या पानांत पाणी तिथे कोणत्या तारखेला होतं ते पाहा. पक्षी तुम्ही पाहिले नसतील तरी तारीख सापडते. त्यांच्यावर होडी घालून थवा उडवायला सांगणारे पाहुणे दर हिवाळ्यात येतात. अशा होडीत बसू नका.

पायरी 7: चुकलेले दिवस

लग्नकार्य, ताप, बदली, काहीतरी निघतंच. चुकलेल्या दिवसाची जागा कोरी सोडा आणि कारण लिहा. अंदाजाने भरू नका. मी एकदा चार दिवसांचे आकडे मागचे-पुढचे बघून सरासरीने भरले होते. त्या चार दिवसांत दौंडचा विसर्ग एकदम वाढून तितकाच झटकन उतरला होता, आणि माझ्या वहीत मात्र पाणी शहाण्यासारखं हळूहळू चढलेलं. ते पान आता लाल पेन्सिलीने खोडलेलं आहे. त्याच्या पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मी अकरा दिवस आजारी होतो. ती अकरा पानं कोरीच आहेत, फक्त पहिल्यावर लिहिलंय: "ताप. खिडकीतून पूर्वेला विजा दिसल्या, मोजल्या नाहीत."